आमची वाटचाल: सपाट थर आणि पसरणीचा घाट

वाईहून पाचगणीला जायचं तर पसरणीचा घाट चढावा लागतो. आमच्या केकचा धंदा या घाटाने घडवला, असं मी मनापासून म्हणते.

मी आणि माझी धाकटी जाऊ, आम्ही दोघींनी घरच्या ओटीजीवर सुरुवात केली तेव्हा गिऱ्हाईक आळीतलंच होतं. अर्धा किलो, एक किलोचा केक वरून थोडा फुगीर असला तरी क्रीमखाली झाकून जातो. पुढे पाचगणी-महाबळेश्वरच्या हॉटेलांतून लग्नाच्या दोन-तीन मजली केकची विचारणा होऊ लागली. तिथे हे झाकणं चालत नाही. थराच्या मधोमध बोटभर फुगवटा असला की वरचा थर तेवढ्यावरच टेकतो आणि कडेला पोकळी राहते. पोकळी क्रीमने भरली की टेबलावर केक देखणा दिसतो, पण क्रीम भार पेलत नाही. घाटात गाडी एका वळणाला डावीकडे झुकते, दुसऱ्याला उजवीकडे. कडेचं जाड क्रीम दबत जातं आणि वरचा थर सरकायला लागतो.

फुगवटा सुरीने कापून टाकायचा, हा सर्रास चालणारा उपाय. आम्हाला तो कधी पटला नाही. कापलेल्या भागात मैदा, लोणी, साखर आणि गॅस असं सगळंच वाया जातं. शिवाय कापलेल्या पृष्ठभागाचा चुरा सुटतो आणि तो क्रीममध्ये येतो. थर सपाट हवा तर तो भट्टीतच सपाट भाजला गेला पाहिजे, या एका गोष्टीवर आम्ही दोघी ठाम राहिलो.

केक मधोमध का फुगतो? टिनचा पत्रा आधी तापतो, त्यामुळे कडेचं बॅटर लवकर शिजून घट्ट होतं. मधलं अजून पातळ असतं, ते फुगतच राहतं आणि शेवटी वर येऊन थांबतं. म्हणजे कडेला आच उशिरा लागली पाहिजे. सासूबाईंच्या जुन्या सुती पातळाच्या पट्ट्या आम्ही फाडल्या, तीन-चार घड्या घातल्या, पाण्यात भिजवून पिळल्या आणि टिनला बाहेरून गुंडाळून सेफ्टी पिन लावली. पट्टीत ओल आहे तोवर ती 100 अंशांच्या फारशी वर तापत नाही, त्यामुळे कड आणि मध बरोबरीने वर येतात. सासूबाई आधी म्हणाल्या, “अगं, भट्टीत लुगडं कसलं घालता?” पहिला सपाट थर जाळीवर पालथा घातला, तेव्हा त्यांनीच त्यावरून हात फिरवून पाहिला. तेव्हापासून जुनं सुती कापड आमच्या घरात कुणी पोछ्याला वापरत नाही.

आच 180 ऐवजी 155-160 अंश ठेवतो. वेळ दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतो, तो लागू द्यावा. काळे नॉनस्टिक टिन लवकर तापतात, म्हणून साधे ॲल्युमिनियमचे वापरतो. तळाला बटर पेपर घालतो, पण कडांना तूप लावत नाही, बॅटरला वर चढायला कोरडी कड बरी पडते. मैदा घातल्यावर फेटत बसायचं नाही, नाहीतर तो चिवट होतो आणि मधे डोंगर उठतो.

बॅटर डोळ्यांच्या अंदाजाने ओतायचं नाही, काट्यावर वजन करून ओतायचं. आठ इंची टिनमध्ये 400 ग्रॅम घातलं, तर तेवढ्याच जाडीच्या थरासाठी सहा इंचीत 225 आणि दहा इंचीत 625 ग्रॅम लागतं. इंच दोनानेच वाढतात, पण टिनचं क्षेत्रफळ बरंच जास्त वाढतं. हा हिशोब जावेने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी तेच पान दाखवतो.

एक गोष्ट आम्हाला गवंड्याने शिकवली. आमचा वाडा जुना, शहाबादी फरशी कुठे उचललेली, कुठे खचलेली. थर एका बाजूला जाड येत होते. घरी डागडुजीला आलेल्या मिस्त्रींनी ओव्हनच्या जाळीवर पाणसळ, म्हणजे सपाटी तपासायची बुडबुड्याची पट्टी, ठेवली, बुडबुडा लगेच एका कडेला पळाला. ओव्हनच्या पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारल्या आणि प्रश्न मिटला. आज आमच्याकडे गॅसवरचा डेक ओव्हन आहे, वरची आणि खालची आच वेगळी लावता येते, तरी पाणसळ शेजारच्या खिळ्याला टांगलेलीच असते. पट्ट्याही सोडलेल्या नाहीत.

मधल्या काळात अन्न परवान्याची नोंदणी झाली. 12 लाखांच्या आतल्या उलाढालीला तेव्हा वर्षाला 100 रुपये फी होती, आणि कागद हाती आल्यावर हॉटेलवाले आमच्याशी नीट बोलू लागले.

काही वेळा वर पाचगणीतल्याच स्वयंपाकघरात भाजून द्यावं लागतं. वाई सुमारे 700 मीटरवर, पाचगणी 1,300 मीटरच्या आसपास. वर हवेचा दाब कमी, त्यामुळे बॅटरमधला वायू जास्त फुगतो आणि केक भराभर चढून मधे बसतो. तिथे आम्ही बेकिंग पावडर पाव हिश्श्याने कमी घालतो, दूध चमचा-दोन चमचे जास्त.

डिसेंबरपासून स्ट्रॉबेरीची मागणी सुरू होते. स्ट्रॉबेरीला पाणी सुटतं, म्हणून फोडी कागदावर निथळून घेतो. आधी थराच्या कडेने घट्ट बटरक्रीमचं कडं घालतो आणि फोडी त्याच्या आत एकाच जाडीने पसरतो. थर रात्रभर फ्रिजमध्ये गुंडाळून ठेवलेले असतात, थंड थर रचताना वाकत नाहीत. वरच्या मजल्याचा भार खालच्या केकवर येऊ नये म्हणून आत लाकडी काड्या उभ्या करतो. खालचा केक सपाट असला की सगळ्या काड्या एकाच मापाने कापता येतात. तो वाकडा असेल तर प्रत्येक काडी वेगळी मापावी लागते आणि वरचा मजला कलतोच.

दोन मजल्यांपर्यंतचा केक रचूनच घाटातून जातो, गाडी धाकटे दीर चालवतात. तीन किंवा जास्त मजले असतील तर मजले सुटे नेऊन हॉलवरच रचतो. त्यासाठी कार्यक्रमाच्या दोन तास आधी टेबल रिकामं मिळालं पाहिजे, हे ऑर्डर घेतानाच सांगतो, आणि त्या टेबलावरही आधी पाणसळ ठेवून पाहतो.