तुम्ही विचारलंत म्हणून: रसेल क्रो आणि आमचा क्लब

साउथ सिडनी रॅबिटोज या आमच्या रग्बी लीग क्लबची लाल-हिरवी जर्सी घालून सिडनीत कुठल्याही मराठी घरी गेलं की चहाच्या आधी प्रश्न येतो, "साउथ सिडनी म्हणजे रसेल क्रोने वाचवलेला क्लब ना?" इतकी वर्षं हो-हो करून विषय सोडून दिला. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतोच. नाही हो, त्या हॉलिवूडच्या नटाने नाही वाचवला.

1908 च्या जानेवारीत रेडफर्न टाउन हॉलमध्ये मीटिंग घेऊन लोकांनी काढलेला क्लब आहे हा, आणि त्याच वर्षीची पहिलीवहिली प्रीमियरशिप, म्हणजे लीगचं विजेतेपद, पण आम्हीच जिंकलो. 1999 संपताना लीगला 14 च टीम ठेवायच्या होत्या, तेव्हा बाकीचे काही क्लब एकमेकांत विलीन होऊन मोकळे झाले, आमचा क्लबप्रमुख जॉर्ज पिगिन्स काही ऐकेना, मग आम्हाला काढलं. नोव्हेंबर 2000 ला कोर्टात हरलो, त्यानंतर रस्त्यावर 80,000 च्या आसपास माणूस उतरला, 2001 ला अपिलात जिंकलो, 2002 ला परत मैदानात. क्रोने काहीच केलं नाही असंही नाही हां, 1908 च्या पहिल्या मॅचची पितळी घंटा त्याने लिलावात 42,000 डॉलरला घेतली, ते पैसे लढ्याला आले. पण घंटा म्हणजे क्लब नव्हे.

खरं दुखणं 2006 चं आहे. मार्चमध्ये मेंबरांचं मतदान. क्रो आणि उद्योगपती पीटर होम्स अ कोर्ट यांनी 30 लाख डॉलरला क्लबचे 75 टक्के घ्यायचे, मेंबरांकडे उरणार 25. मी आणि बायको, दोघंही मेंबर. आदल्या रात्री पोळ्या लाटता लाटता बायको म्हणाली, "अरे 2003 ला शेवटून पहिले, 2004 ला शेवटून पहिले, मोर्चे काढून प्लेयरांचे पगार होतात का?" मी म्हटलं, विकायचाच होता तर तेव्हा एवढं चाललो कशाला? तर म्हणे, "विकायला तरी शिल्लक राहावा म्हणून." यावर मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही. तरी मी विरोधातच मत दिलं, पिगिन्सही विरोधातच होता. प्रस्ताव पास व्हायला 75 टक्के मतं लागत होती. पडली 75.8. पॉइंट आठ! परत येताना गाडीत तिने रेडिओ लावला, मी बंद केला, तिने परत लावला.

आता म्हणाल, 2014 ला नाचलास ना? नाचलो की! 43 वर्षांनी कप, फायनलला बुलडॉग्जला 30-6, आमचा सॅम बर्जेस सुरुवातीच्याच टकरीत गालाचं हाड मोडून घेऊन पूर्ण 80 मिनिटं खेळला, कोण नाचणार नाही? पण 2006 मधला मी अजून कुरकुरतो, मालक आणून मिळालेला कप मोर्चेवाल्यांचा कसा? मी त्याला म्हणतो, गप रे, पुढच्या वर्षीचे पगार तू कुठून देणार होतास ते आधी सांग. ते तो सांगत नाही, आणि मतही बदलत नाही. उद्या परत मतपत्रिका हातात दिली तर मीही बदलेन याची गॅरंटी नाही. मेंबरशिप मात्र दोघांची चालू आहे, आणि ते 25 टक्के अजून मेंबरांकडेच आहेत.