भागिले २४

आषाढातली दुपार, वीज गेलेली आणि मी पलंगाखाली पालथा. एका हातात मोबाइलचा टॉर्च, दुसऱ्या हातात फूटपट्टी. शोधतोय काय, तर आरसा. तुरीच्या डाळीएवढा. हरिकेन या दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं प्लॅस्टिकचं मॉडेल जोडतोय, त्याच्या पुढच्या काचेवर, वर माथ्याशी, तो बसतो. मागून शत्रू आला तर वैमानिकाला दिसावा म्हणून. चिमट्यात जरा जास्त दाबला गेला, टिंग् झालं आणि गेला. आवाजावरून पलंगाकडे गेला असावा. पण हे आवाज फसवे असतात, मागे एक एक्झॉस्टचा तुकडा असाच उडाला तो चार महिन्यांनी माझ्याच पायजम्याच्या दुमडीत सापडला. धुतलेल्या.

खरं हरिकेन एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ४० फूट. भागिले २४ केलं की बरोबर २० इंच. जेवणाच्या टेबलावर ते बसलं की घरातली माणसं ताटं घेऊन सोफ्यावर जातात. लोक ७२ ने भागलेली छोटी विमानं करतात, ४८ ने भागलेली करतात. मी २४ वर अडकलो. मनात सारखा भागाकार चालू असतो. पंगतीत शेजारी साडेपाच फुटी काका बसले की डोक्यात आधी ‘पावणेतीन इंच’ येतं, मग त्यांचं नाव. अजिंक्यतारा शहरापासून साधारण ३०० मीटर उंच, म्हणजे भागिले २४, साडेबारा मीटर. चार मजली इमारत. आमच्या समोर नेमकी तेवढीच झाली आहे आणि तिच्यामुळे खरा अजिंक्यतारा आता गच्चीवर गेल्याशिवाय दिसत नाही.

ही मापाची खोड बहुधा दिवाळीच्या किल्ल्यानं लावली. मंगळवार पेठेत आमच्या वाड्याच्या पायरीशी किल्ला व्हायचा. विटा, पोती, वर चिखलाचा हात, आळीव पेरलेले. आणि त्यावर मावळे असे, की बुरुजाला कोपर टेकून उभे राहतील. महाराज तर दरवाजातून आत जाणंच शक्य नाही. कुणाला काही वाटायचं नाही. मला वाटायचं. मी एक वर्ष मावळे बाजूला ठेवून काड्यापेटीतल्या काड्यांची माणसं करून बघितली, तर सगळ्यांनी मिळून हाकलून दिलं.

पुढच्या वर्षी मुंबईच्या मामानं प्लॅस्टिकचं स्पिटफायर आणलं. ७२ ने भागलेलं, जेमतेम सहा इंचांचं. डिंक तर डिंक म्हणून मी ते डिंकानं जोडलं (अर्थात रात्रीत सुटलं, मग सायकलच्या पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन), आणि महाराजांच्या सिंहासनाशेजारी उतरवलं. आता मापाचं काय झालं, हे विचारू नका. स्वतःचं विमान असलं की माप विसरायला होतं.

गल्लीच्या टोकाला एक आबा राहायचे. हवाई दलात फिटर होते म्हणत, लढाईच्या वेळी तिकडं ब्रह्मदेशाच्या बाजूला. ते किल्ले बघत बघत आले, वाकले आणि महाराजांना सोडून विमानच बघत राहिले.

“लाल ठिपका कशाला ठेवलायस? आपलीच पोरं गोळ्या घालतील की.”

मला कळेना. त्यांनी माझ्याकडून शाईचं पेन मागून घेतलं, टोपण दातात धरलं आणि पंखावरच्या गोलातल्या लाल ठिपक्यावर निब टेकवत टेकवत तो निळा केला. निळा कसला, वाळल्यावर जांभळट काळा. जपानी विमानांवर लाल गोळा असायचा, म्हणून तिकडच्या आघाडीवर आपल्या विमानांवरचा लाल रंग काढून टाकला होता, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. तेव्हा मात्र नवं विमान नासवलं म्हणून डोळ्यांत पाणी आलं होतं.

“आणि आमचं हे नव्हं,” आबा म्हणाले. “आमचं हरिकेन. त्याचं मागचं अंग कापडाचं. भोक पडलं की ठिगळ लावायचं.”

कापडाचं विमान! आबा थापा मारतात, असं मी घरी येऊन जाहीर करून टाकलं. आता टेबलावर पडलेल्या सांगाड्याच्या मागच्या भागावरून बोट फिरवलं की आतल्या लाकडी पट्ट्यांवर ताणून बसवलेल्या कापडाचे उंचवटे लागतात. प्लॅस्टिकचेच, पण लागतात. १९४४ साली इंफाळला भारतीय हवाई दलातली अर्जन सिंगांची एक नंबरची स्क्वाड्रन हीच विमानं उडवत होती. आबा त्यांच्यात होते की दुसरीकडे, विचारायचं राहून गेलं.

पावसाळ्यात खरं म्हणजे हे काम काढूच नये. दमट हवेत लॅकर मारला की पांढरी झाक धरते, जुन्या आरशासारखी. सगळ्यांना माहीत असतं, तरी सुट्टीच्या दिवशी हात शिवशिवतात. इंजिनाचे बाराही सिलिंडर रंगवून झाले, तारा ओढून झाल्या. त्यावर आता पत्रा बसेल आणि ते परत कुणाला दिसणार नाही. कपड्यांचे चिमटे लावून सांधे धरलेत, त्यामुळे दोरीवरचे कपडे वाऱ्यानं शेजारी जातात आणि त्यावर घरात जे बोलणं होतं ते इथं नको. वैमानिकाच्या डोक्यावरच्या काचेवर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. हिच्या नेलपेंटच्या रिमूव्हरनं पुसायला गेलो. ठसा गेला. काचही गेली. दुधाळ, सुरकुतलेली, मोतीबिंदूसारखी झाली. दुसरी मागवलीय.

आरसा सापडला नाही. पलंगाखाली एक फासा निघाला, एक टाचणी, आणि चार कडक वाटाणे. मावशी सकाळी केर काढून गेल्या होत्या, पण आरसा तर दुपारी उडाला, म्हणजे त्यांच्यावर ढकलताही येत नाही.

त्या दिवाळीत मी आबांना विचारलं होतं, तुम्ही विमान चालवायचात का?

“छ्या. आम्ही चाकाखालचे ठोकळे काढायचो. परत आलं की लावायचो.” पेनाचं टोपण बसवत म्हणाले, “कधी कधी लावायची वेळ यायची नाही.”

मॉडेलच्या डब्यात ठोकळे नाहीत. आइस्क्रीमच्या काड्या चिकटवून, घासून मी ते गेल्या आठवड्यातच केले, दोन जोड्या. वीज आली तेव्हा ही टेबल पुसत होती. विमान पुरतं जोडलेलं नाही, चाकं अजून पाकिटात. “हे काय?” तिनं ठोकळे उचलून विचारलं. म्हटलं, राहू दे तिथंच.