फॉर्ममध्ये औषधांचा रकानाच नाही

आमच्या घरात तिघे मधुमेही. गोव्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2023 च्या पाहणीत देशात सर्वांत जास्त प्रमाण गोव्याचंच निघालं, 26.4 टक्के. तिघांनाही मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी चालू. ही गोळी शरीरात मोडत नाही. रक्तात गेलेली बहुतेक सगळी लघवीवाटे जशीच्या तशी सेप्टिक टँकमध्ये, तिथून सोकपिटात, म्हणजे शोषखड्ड्यात. आणि फोंड्याच्या जांभ्यात सोकपिटाचं पाणी कुठवर पोचतं, ते पावसाळ्यात विहिरीत डोकावलं की कळतं.

म्हटलं, आधी पाणी तपासून घेऊ. तिथेच गाडी अडली.

प्रयोगशाळेच्या काउंटरवरच्या फॉर्मवर टीडीएस, कठीणपणा, नायट्रेट, कोलिफॉर्म जिवाणू. "औषधांचे अंश तपासायचेत," मी म्हटलं. "कीटकनाशकं लिहू?" "नाही हो, औषधं." "तो रकाना नाही." बाटली परत माझ्या हातात. सांडपाण्याचं दुसऱ्या ऑफिसात बघतात म्हणून तिकडे गेलो, तर पहिलाच प्रश्न, "फॅक्टरी कुठली?" घरचं पाणी म्हटल्यावर पंचायतीत जायला सांगितलं. पंचायतीत विचारलं, "तक्रार कोणाविरुद्ध?" आता काय सांगू, माझ्याच संडासाविरुद्ध? अर्ज मात्र आवक-जावक नोंदवून ठेवून घेतला. पुढे प्रत्येक खेपेला तोच अर्ज फाइलीत तसाच, फक्त त्याच्यावर नवे अर्ज चढलेले.

शेवटी पहिल्याच प्रयोगशाळेतल्या एका केमिस्टबाईंनी बाजूला घेऊन समजावलं. हे अंश लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये मोजतात, त्याला एलसी-एमएस-एमएस नावाचं महागडं यंत्र लागतं. बरं, आकडा मिळाला तरी तो ताडून कशाशी बघणार? पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या भारतीय मानकात औषधांना मर्यादाच घातलेली नाही. हे पहिल्याच दिवशी काउंटरवर कुणी बोललं असतं तर माझं पेट्रोल वाचलं असतं! तुम्ही रिपोर्टच्या मागे लागू नका, सरळ कामाला लागा.

काम म्हणजे टँकमधून विहिरीकडे जाणारं पाणी आधी साफ करणं. तसं सोपं. फिल्टरवाला सांगेल की टँकच्या तोंडाला कार्बनचा फिल्टर बसवा, सगळं धरतो. डायक्लोफिनॅक (वेदनाशामक), कार्बामॅझेपिन (फिट्सचं औषध) तो धरतो, खरं आहे. मेटफॉर्मिन मात्र पाण्यात इतकं विरघळतं की कार्बनला फारसं चिकटत नाही, आणि टँकमधल्या घाणीने कार्बन लवकर भरून जातो तो वेगळाच. मेटफॉर्मिन जिवाणू खातात, पण त्यांना हवा लागते आणि सेप्टिक टँकमध्ये ती नसते. म्हणून मेस्ताकडून, म्हणजे गवंड्याकडून, खडी-वाळूचा बेड करून घेतला, वर कर्दळ लावली. टँकचं पाणी वरून थोडं थोडं सोडायचं, मध्ये बेड कोरडा पडू द्यायचा, म्हणजे हवा शिरते. सगळं जातं असं नाही. जिवाणू मेटफॉर्मिनचं ग्वानिल्युरिया नावाचं दुसरं रसायन करतात, ते पाण्यात उरू शकतं. त्यामुळे सोकपिटही हलवलं. सेप्टिक टँकच्या आयएस 2470 या मानकाप्रमाणे ते विहिरीपासून 18 मीटर तरी हवं. कार्बन लावलाय तो स्वयंपाकघराच्या नळाला.

हो, आणि उरलेल्या गोळ्या संडासात ओतू नका. त्या रोजच्या कचऱ्यात न मिसळता वेगळ्या द्यायच्या. सीडीएससीओ या केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेने 2025 मध्ये 17 औषधांची यादी काढली, ट्रामाडॉल, फेंटानिल अशी जबर वेदनाशामकं वगैरे. कुणी चुकून घेतली तर जिवावर बेततील म्हणून तेवढीच फ्लश करायला सांगितलीत. खोदकाम एप्रिलच्या आत उरका, जूननंतर मेस्त मिळत नाही.