त्याचा उजवा, माझा डावा

खोक्यातून हेलिकॉप्टर बाहेर काढलं तेव्हा ते इतकं हलकं लागलं की वाटलं, आतला एखादा भाग घालायचा राहून गेलाय. सोबत दोन कांड्यांचा रिमोट, चार्जर, बोटभर स्क्रू ड्रायव्हर आणि वेगळ्या पिशवीत दोन जादा पाती. ही जादा पाती पाहून मला थोडा रागच आला. उडवायच्या आधीच एवढा अविश्वास! पुढच्या आठवड्याभरात ती पिशवी रिकामी झाली, ही गोष्ट वेगळी.

खेळणं म्हटलं की बटण दाबायचं आणि मजा बघायची, अशी माझी समजूत. हे खेळणं मात्र सोवळ्यातलं निघालं. आधी रिमोट चालू करायचा, हेलिकॉप्टर वर-खाली नेणारी डावी कांडी पार खाली ओढून ठेवायची, मग हेलिकॉप्टरची बॅटरी जोडायची आणि सपाट जागी ठेवून हात मागे घ्यायचे. आतला दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत त्याला धक्कासुद्धा लागता कामा नये, कारण त्या काही सेकंदांत आतला जायरो, म्हणजे वळणं ओळखणारा भाग, ‘स्थिर म्हणजे काय’ हे ठरवत असतो. मी पहिल्या दिवशी ते गादीवर ठेवलं आणि शेजारी बसलो. गादी हलली, जायरोने ते हलणंच स्थिर धरलं, आणि उचलल्याबरोबर हेलिकॉप्टर स्वतःभोवती भिंगरीसारखं फिरून उशीत शिरलं.

मग तोल. पात्यांच्या वर एक आडवी दांडी असते, तिच्या टोकांना छोटी वजनं. ती दोन बोटांवर तोलून हेलिकॉप्टर लोंबतं ठेवायचं. नाक खाली गेलं तर बॅटरी किंचित मागे सरकवायची. पात्यांचे स्क्रू मात्र गच्च आवळायचे नाहीत. कुठे आपटलं तर पातं मागे वळायला हवं, नाहीतर मोडतं. हे मला दुसऱ्या पात्यानंतर कळलं.

त्या दांडीची एक गोष्ट मला फार आवडते. आर्थर यंग नावाच्या अमेरिकन माणसाने बरीच वर्षं छोटी छोटी मॉडेल हेलिकॉप्टरं उडवत, मोडत, पुन्हा बनवत घालवली आणि अशाच एका दांडीने त्यांना स्थिर केलं. 1941 साली त्याने आपलं मॉडेल विमानं बनवणाऱ्या बेल कंपनीच्या लोकांना उडवून दाखवलं. त्यातूनच पुढे बेल 47 आलं, आणि 1946 मध्ये नागरी वापराची परवानगी मिळालेलं ते पहिलं हेलिकॉप्टर ठरलं. म्हणजे इथे थोरला भाऊ खेळणं आहे आणि माणसं बसतात तो धाकटा. घरात कुणी ‘या वयात हे काय’ असं बघू लागलं की मी ही गोष्ट सांगतो. तिचा परिणाम दिवसेंदिवस कमी होतोय.

बॅटरी पूर्ण भरायला पाऊण तास आणि उडायला सहा मिनिटं. सुरुवातीला हे व्यस्त प्रमाण मला लबाडी वाटायचं. आता वाटतं, घाम पुसायला तेवढा वेळ लागतोच. बॅटरी लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर जातीची: पूर्ण भरली की 4.2 व्होल्ट, आणि 3 च्या खाली गेली की कायमची रुसते. म्हणून पात्यांचा आवाज जरा मंदावला की उतरायचं. ‘अजून एकच’ म्हणण्याच्या हट्टात माझी एक बॅटरी गेली.

उडवताना पहिला धडा असा, की कांडी सोडली म्हणून हेलिकॉप्टर थांबत नाही. पुढे ढकललंत, मग बोट मधोमध आणलंत, तरी ते पुढेच घसरत राहतं. दिलेलं परत घ्यावं लागतं आणि वर थोडं उलटंही द्यावं लागतं. पालथ्या वाटीवर गोटी ठेवून ती पडू न देणं, असा हा प्रकार. बरं, एका जागी थांबलेलं हेलिकॉप्टर सरळ तरी असावं? तेही नाही. मोठी पाती एका दिशेने फिरतात म्हणून धड उलट्या दिशेने फिरू बघतं. त्याला शेपटीचा पंखा अडवतो. पण अडवता अडवता तो सगळ्या हेलिकॉप्टरलाच एका बाजूला ढकलत राहतो. म्हणून एका जागी थांबायचं तर त्याला जरासं कलूनच राहावं लागतं. मी कितीतरी दिवस रिमोटवरची ट्रिमची, म्हणजे कल बारीक दुरुस्त करायची बटणं दाबत ते सरळ करायला बघत होतो आणि ते दर वेळी भिंतीकडे निघून जात होतं.

जमिनीलगत हळूहळू शिकावं, हा माझा विचारही चुकीचा ठरला. वितीएवढ्या उंचीवर पात्यांचा वारा फरशीवर आदळून परत येतो आणि हेलिकॉप्टर साबणावरून चालल्यासारखं करतं. तीन फुटांवर ते कितीतरी शहाण्यासारखं वागतं. फक्त तिथवर जायला छाती लागते. आणि छतापासून लांब राहायचं, कारण जवळ गेलं की ते वर ओढलं जाऊन चिकटू बघतं. आपटणार असं दिसलं की डावी कांडी तत्काळ खाली. माझं बोट मात्र भीतीने नेहमी वर जायचं. एकदा तर हेलिकॉप्टर पडद्यात अडकून तिथेच घुरघुरत राहिलं आणि मी पडद्याला ‘सोड, सोड’ म्हणत होतो.

शेपूट माझ्याकडे ठेवून हे सगळं जमलं तेव्हा मी खूष झालो, आणि मग एकदा ते चुकून वळलं. नाक माझ्याकडे. आता त्याचा उजवा म्हणजे माझा डावा. डोक्याला हे पटायला क्षणही लागला नाही. अंगठ्यांना पटायला महिना लागला. ते डावीकडे पडायला लागलं की मी वाचवायला जायचो आणि आणखी जोरात पाडायचो. शेवटी एक युक्ती कामी आली: ज्या बाजूला ते पडतंय त्याच बाजूला कांडी न्यायची, जणू खालून टेकू देतोय. युक्तीने पडणं थांबलं, पण तेवढंच. खरं तर मनाने त्याच्या आत बसून समोर रिमोट घेऊन उभ्या असलेल्या, तोंड वासलेल्या माणसाकडे बघता यायला हवं.

काल मुलगी दारात उभी राहून बघत होती. “बाबा, तुम्ही का वळताय?” तिने विचारलं. मी खाली पाहिलं. हेलिकॉप्टर वळत होतं तसा मीही खांद्यातून, कमरेतून वळत गेलो होतो आणि आता भिंतीकडे तोंड करून, मान मुरगाळून मागे बघत होतो. उत्तर द्यायला तोंड उघडलं तेवढ्यात पात्यांचा आवाज मंदावला. मी ते हळूच खाली घेतलं. जरा कललेलंच टेकलं, पण त्याचं नाक माझ्याकडे होतं.