शेवंतीची भाऊबंदकी

अमळनेरच्या आमच्या घरी ओट्याच्या कडेला शेवंतीच्या चार कुंड्या आहेत. दिवाळी सरता सरता त्यांच्यावर कळ्या दिसू लागतात आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारांना निदान पूजेपुरती तरी फुले घरची होतात. गेल्या वर्षी मात्र तीन कुंड्या नेमाने फुलल्या आणि चौथी, जी चौघींत सर्वांत जोमदार होती, ती नुसतीच पानांनी गच्च भरून राहिली. मी तिला शेणखत घातले, मग खत जास्त झाले असेल म्हणून ते बंद केले, पानांमागे मावा शोधला, पाणी कमी करून पाहिले. पण कळीचा पत्ता नव्हता. शेवटी सगळा जन्म मळ्यात गेलेले शेजारचे आबा एका संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले, त्यांनी आधी कुंडीकडे आणि मग वर पाहिले, आणि म्हणाले, "भो, त्या झाडाले रात्री झोपू तर दे!"

वर माझाच दिवा होता. भुरट्या चोरांच्या धास्तीने पावसाळ्यात मी तो बसवून घेतला होता आणि तो बरोबर चौथ्या कुंडीच्या डोक्यावर रात्रभर जळत असे.

शेवंती रात्र मोजते. रात्र पुरेशी लांबली आणि तिच्यातला अंधार सलग मिळाला, तरच पानांतून शेंड्याकडे फुलोऱ्याचा निरोप जातो. मध्येच उजेड पडला तर झाडाच्या लेखी ती रात्र मोडते आणि ते मुकाट्याने आणखी पाने काढत बसते. फुलशेती करणारे या स्वभावाचा फायदा घेतात. फुले उशिरा हवी असली की मध्यरात्री काही तास शेवंतीवर दिवे लावतात, आणि लवकर हवी असली की दिवस मावळण्याआधीच काळे कापड पांघरतात. जे ते हिशेबाने करतात ते मी अजाणता केले होते. कुंडी उचलून परसदारी न्हाणीघराच्या आडोशाला नेली, तेव्हा मार्गशीर्ष हुकला तो हुकलाच, पण माघात ती अशी काही फुलली की पाने दिसेनाशी झाली.

इतकी वाट पाहायला लावलेले फूल माणूस जरा निरखून पाहतोच. मी एक फूल तोडून मुलाच्या जुन्या भिंगाखाली धरले. आपण ज्याला शेवंतीचे एक फूल म्हणतो तो वास्तविक फुलांचा मेळा असतो. कडेची एकेक पाकळी हे एकेक स्वतंत्र फूल असते आणि तिच्या बुडाशी दोन फाटे फुटलेली इवलीशी कुक्षी, म्हणजे पराग झेलणारे टोक, डोकावत असते. मध्यभागी पिवळी टिकली दिसते ती म्हणजे दाटीवाटीने उभी राहिलेली नळीसारखी फुले, आणि ती बाहेरून आत अशी एकेका वर्तुळाने उमलत जातात. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत या मेळ्याला स्तबक, कडेच्या फुलांना किरणपुष्पके आणि मधल्यांना बिंबपुष्पके म्हणतात. भिंग हाताशी नसेल तर झेंडू घ्यावा. त्याची एक पाकळी अलगद ओढली की टोकाला काळी, बारीक काडी निघते, आणि तिच्या वरच्या अंगाला फिकट तुसे असतात. ती काडी म्हणजे झेंडूचे बी. साध्या पाकळीला बी धरत नाही. ते धरायला मुळात फूलच असावे लागते.

अशी फुले धारण करणारे हे कूळ म्हणजे सूर्यफुलाचे कूळ. त्यात २३ हजारांहून अधिक जाती आहेत, त्यामुळे भाऊबंदकीही तशीच अवाढव्य आहे. आमच्या ओट्यापासून शेताच्या बांधापर्यंत नुसती चक्कर मारली तरी या कुळातली डझनभर मंडळी भेटतात, आणि त्यांतल्या निम्म्यांना आपण एकमेकांचे कोणी लागतो याची दादही नसते.

झेंडू आपल्याकडे इतका मुरला आहे की दसऱ्याचे तोरण त्याच्याविना सुचत नाही, पण तो मूळचा मेक्सिकोचा. त्याच्या मोठ्या फुलाच्या जातीला आफ्रिकन झेंडू का म्हणावे, हे ज्याने नाव ठेवले त्यालाच ठाऊक. झिनिया आणि डेलियाही मेक्सिकोचेच. एक जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ झिन यांच्या नावाचा, दुसरा वनस्पतींचे वर्गीकरण करणाऱ्या लिनियसचे स्वीडिश शिष्य दाल यांच्या नावाचा. अमेरिकेतून आलेल्या गॅलार्डियाला अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच न्यायाधीशाचे नाव मिळाले आणि आपल्या फुलबाजारात त्याचा चक्क गलांडा झाला. पारा ४५ अंशांकडे सरकू लागला की डेलिया आणि ॲस्टर आमच्याकडे मान टाकतात. हा न्यायाधीश मात्र खानदेशचा वैशाख सोसून मातकट लाल, पिवळ्या कडांची फुले देत राहतो. मला तो म्हणूनच आवडतो, जरी त्याच्या अंगी वास म्हणून नाही.

आई दसऱ्याचे तोरण कधी फेकत नसे. वाळलेली फुले सुपात चुरून पुढच्या मृगात ती परसात फेकायची आणि भाद्रपदात झेंडूची रांग उभी राहायची. मी तोच प्रयोग बाजारातल्या टपोऱ्या, संकरित फुलांवर केला, तेव्हा निम्मे बी रुजलेच नाही आणि जे रुजले त्याने कोणाला पाच पाकळ्या, कोणाला पंधरा अशी आपापल्या आजोबांची तोंडे दाखवली. झेंडूची खरी कामगिरी तोरणाबाहेरची आहे. त्याच्या मुळांतून पाझरणारे द्रव्य जमिनीतल्या सूत्रकृमींना मानवत नाही. टोमॅटोच्या आणि कपाशीच्या शेतात त्याची ओळ लावली, तर घाटेअळीचा पतंग पिकाऐवजी त्याच्यावर अंडी घालतो आणि ती फुले खुडून टाकता येतात.

करडई याच कुळातली, पण बागेत तिला कोणी विचारत नाही. पूर्वी आमच्या दादरीच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, कडेने तिची दोन तासे असत, कारण तिच्या काट्यांपुढे गुरे ज्वारीत तोंड घालायला धजत नाहीत. कोवळी असताना हीच करडई मुगाच्या डाळीबरोबर भाजी होऊन ताटात येते, आणि काट्यांवर आली की नारिंगी फुलांनी अशी पेटते की डेलियाने लाजावे. मोरीच्या सांडपाण्यावर आपोआप येणारा माका हा तिचा गरीब भाऊ. त्याचे पांढरे फूल शर्टाच्या गुंडीहूनही लहान असते, पण पान तळहातावर चोळले की हिरवा रस बघता बघता काळा पडतो, आणि त्या काळेपणावर विसंबून कित्येक पिढ्यांनी केसांचे तेल उकळले आहे. पितृपक्षात याच माक्याची पाने शोधत घरोघरची माणसे आमच्या मोरीपाशी येतात. बांधावरची एकदांडी विळा लागलेल्या बोटावर चोळायची, हे आबांनीच मला लहानपणी शिकवले. ही जुनीजाणती वाटणारी वनौषधीदेखील झेंडूसारखीच अमेरिकेहून आलेली आहे.

आणि तिथूनच आलेला, या भाऊबंदकीतला सर्वांत नकोसा म्हणजे गाजर गवत. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम नजरेला आले आणि आज आमच्या गल्लीच्या टोकाला कमरेएवढे उभे आहे. ते खाणारा भुंगा १९८४ मध्ये मेक्सिकोहूनच आणून सोडावा लागला. भुंगा पावसाळ्यात पाने फस्त करतो, बाकीचे महिने ते गवत आपल्याच वाट्याला उरते. गवताला रोखण्यासाठी टाकळा लावावा, तसाच झेंडूही लावावा, असे सांगतात. म्हणजे इथेही भावाच्या वाटेवर भाऊच.

आबांच्या घरच्या अक्का वर्षानुवर्षे ते गवत हातानेच उपटत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हातांवर, मानेवर आणि पापण्यांवर पुरळ उठले, कातडी जाड होऊन फुटू लागली. त्वचेच्या डॉक्टरांनी गाजर गवत बंद करायला सांगितले, ते साहजिकच होते. पण पुढे शेवंतीलाही हात लावू नका म्हणाले, तेव्हा अक्कांना ती थट्टा वाटली. तशी ती नव्हती. दोन्ही झाडांत एकाच जातकुळीची द्रव्ये असतात, आणि गवताला चिडलेली कातडी शेवंतीलाही चिडू शकते. मला जे नाते भिंगाखाली दिसले, ते अक्कांच्या बोटांना त्याआधीच कळले होते.

मार्गशीर्षातल्या गुरुवारचा अक्कांचा हार आता त्यांची सून ओवते. चौथी कुंडी मी यंदा मुद्दाम आबांच्या अंगणात, दिव्यापासून दूर ठेवली आहे. अक्का ओट्यावर हात पदरात घेऊन बसतात आणि तिथूनच सांगतात, "ती नको, तिच्या मागची घे, ती उद्या उमलीन."