एलव्हॅडचा वेग कोणी ठरवावा?

मी सोलापुरात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना नियंत्रण प्रणाली हा विषय शिकवतो. या विषयाचा खरा कस कुठे लागतो असे कोणी विचारले, तर मी हृदयात बसवलेल्या यांत्रिक पंपाचे, म्हणजे एलव्हॅडचे नाव घेतो.

हृदयाचा डावा कप्पा फार दुबळा झाला की त्याच्या टोकाशी हा पंप बसवतात, आणि तो तिथले रक्त ओढून घेऊन महाधमनीत ढकलतो. पोटाच्या त्वचेतून बाहेर आलेली केबल रुग्णाच्या अंगावरच्या कंट्रोलरला आणि बॅटऱ्यांना जोडलेली असते. हार्टमेट ३ या पंपातले चक्र चुंबकीय बलावर तरंगते व डॉक्टर त्याचा वेग बहुधा मिनिटाला ५,००० ते ६,००० फेऱ्यांच्या आसपास ठेवतात. पंपात रक्त साचून गुठळी होऊ नये म्हणून दर दोन सेकंदांनी हा वेग क्षणभर कमी-जास्त होतो खरा, पण तो ठरलेल्या तालावर. शरीराच्या गरजेशी त्याचा संबंध नसतो. रुग्ण झोपलेला असो की जिना चढत असो, सरासरी वेग तोच राहतो.

निरोगी हृदयात जितके जास्त रक्त येईल तितके स्नायू ताणले जातात आणि तितक्या जोराने ते रक्त बाहेर टाकतात. ही समज पंपाला नसते. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३ अंशांवर जातो. घाम जातो, त्यातच लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर शरीरातले पाणी आणखी घटते, आणि डाव्या कप्प्यात पुरेसे रक्त येईनासे होते. पंप मात्र पूर्वीच्याच जोराने ओढत राहतो, त्यामुळे कप्प्याची भिंत किंवा डाव्या-उजव्या कप्प्यांमधला पडदा पंपाच्या तोंडाकडे खेचला जातो, प्रवाह तुटतो आणि हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. याला सक्शन म्हणतात. वेग फारच कमी ठेवला तर उलट फुफ्फुसांत पाणी साचते.

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलचे माग चालताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अनुकूली नियंत्रण, म्हणजे बदलत्या परिस्थितीनुसार स्वतःला जुळवून घेणारे नियंत्रण, वेगळे समजावून सांगावे लागत नाही. बीम, म्हणजे सूत गुंडाळलेला मोठा रूळ, रिकामे होत जाते तसा त्याचा व्यास घटतो, आणि बीम फिरण्याची गती त्या प्रमाणात वाढवली नाही तर ताण बिघडून सूत तुटते. पंपात मात्र केवळ वेग बदलून भागत नाही. महिन्यांगणिक रुग्णाचे हृदय सुधारते किंवा आणखी खालावते, म्हणून वेग ठरवणारा नियमच स्वतःला बदलत राहावा लागतो. कप्प्यातल्या दाबानुसार प्रवाह वाढवणारे, निरोगी हृदयाचे अनुकरण करणारे नियंत्रक संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या कृत्रिम रक्ताभिसरणावर आणि प्राण्यांवर चालवून पाहिले आहेत.

माझ्या मते खरी अडचण गणितात नाही, मोजमापात आहे. दाब मोजणारा सेन्सर वर्षानुवर्षे रक्तात राहिला की त्याचे शून्य, म्हणजे मोजणीचा आरंभबिंदू, हळूहळू सरकते आणि त्यावर प्रथिनांचा थर बसतो, पण तो बाहेर काढून पुन्हा जुळवता येत नाही. म्हणून पंपाचा वेग, त्याला लागणारी वीज आणि रक्ताचा दाटपणा यांवरून प्रवाहाचा अंदाज बांधतात. इथे एक घातक सापळा आहे. चक्रावर गुठळी धरली की घर्षणामुळे वीज जास्त लागते, आणि कंट्रोलरच्या पडद्यावर प्रवाह वाढल्याचे दिसते; प्रत्यक्षात तो घटलेला असतो. त्या आकड्यावर विसंबून नियंत्रकाने वेग उतरवला, तर रुग्णाला रक्ताची सर्वाधिक गरज असताना तो त्याचे रक्त तोडेल.

त्यामुळे अशा नियंत्रकाला वेगाची खालची आणि वरची मर्यादा डॉक्टरांनीच घालून द्यावी, एकाच खुणेवरून त्याने वेग बदलू नये, आणि दोन खुणा परस्परविरोधी दिसल्या तर स्वतः निर्णय न घेता डॉक्टरांनी ठरवलेल्या स्थिर वेगावर परतून गजर वाजवावा, असे मला ठामपणे वाटते.