डहाणूला कासवाला समुद्रात सोडताना पाहिलं

मुंबईची माणसं डहाणूला जातात ती चिकू आणि बीचसाठी, मी यावेळी गेले ती पारनाक्याच्या कासव केंद्रासाठी. वनखातं आणि तिथली प्राणिमित्र मंडळी मिळून ते चालवतात, पालघरच्या किनाऱ्यावर सापडलेली जखमी कासवं इथे आणतात, पावसाळ्यात तर जास्तच, कारण आधीच अशक्त झालेलं कासव खवळलेल्या समुद्रात टिकत नाही आणि लाटांबरोबर वाळूत येऊन पडतं.

बहुतेक ऑलिव्ह रिडले या जातीची समुद्री कासवं असतात. तुटलेल्या जाळ्याचा तुकडा समुद्रात वर्षानुवर्षं राहतो, नायलॉन काही कुजत नाही, त्यात पुढचा फ्लिपर, म्हणजे वल्ह्यासारखा पाय, अडकला की कासव सुटायला जेवढं ओढतं तेवढा दोरा आत रुततो, मग रक्त पोचायचं बंद होतं आणि शेवटी फ्लिपर कापावा लागतो. आम्ही जिला सोडायला निघालो होतो त्या मादीचा पुढचा डावा फ्लिपर असाच गेलेला. खांद्यापाशी जखम छान भरलेली, राखाडी गुळगुळीत कातडी आलेली. मी विचारलं, एका बाजूने ही पोहणार कशी? तिथला मुलगा म्हणाला, "ताई, टाकीत बघा ना." बघितलं तर ती सरळ तळाला जाऊन बसलेली.

सोडायचं की नाही ते मुख्यतः यावरच ठरतं म्हणे, बुडी मारता येते का. फुप्फुसात इन्फेक्शन झालं किंवा आतड्यात गॅस धरला तर कासव बुचासारखं वरच तरंगत राहतं, एका अंगावर कललेलं, मग खाली जाऊन खाणं जमत नाही आणि वर बोटीची धडक बसायची भीती. यातून बाहेर यायला कित्येकांना महिनोन् महिने लागतात, रोज टाकीचं पाणी बदलायचं, मासे भरवायचे, ड्रेसिंग करायचं. ही माणसं ते करतात, खरंच हात जोडावेसे वाटतात.

भरती बघून बोट निघाली. कासवाच्या मादीला जुन्या टायरवर ठेवलेलं, म्हणजे पोटावर भार येत नाही, पाठीवर ओलं गोणपाट. मी अगदी जवळ बसले होते. बराच वेळ काहीच नाही आणि मग एकदम मान उचलून मोठ्ठा श्वास, फुस्सकन, माणसासारखा, मी दचकलेच. डोळ्यातून चिकट पाणी येत होतं, ती रडत नाही, शरीरातलं जास्तीचं मीठ तिथून बाहेर पडतं.

नाखवा वाटेत सांगत होते, पूर्वी कासवासाठी जाळं कापायचं म्हणजे आपल्याच पोटावर पाय, आता सरकार भरपाई देतं. २०१८ पासून ही योजना आहे, अडकलेला संरक्षित प्राणी सोडताना जाळं कापलं तर फोटो-व्हिडिओ दाखवून २५ हजारांपर्यंत मिळतात. मला ही योजना फार आवडली, कारण कासव वाचवायचं ओझं एकट्या मच्छीमाराच्या डोक्यावर का?

किनारा बारीक झाल्यावर दोघांनी कवच पुढून-मागून धरून तिला हळूच पाण्यात सोडलं. पहिले दोन-तीन फटके वाकडे गेले, ती उजवीकडून मारते तशी डावीकडे वळत होती, मग मागचे दोन्ही फ्लिपर सुकाणूसारखे फिरवून सरळ झाली आणि गेली खाली! थोड्या वेळाने लांबवर डोकं दिसलं, श्वास घेतला, परत बुडी. बोटीवर टाळ्या, माझे डोळे भरलेले. आता ही कुठवर जाईल कोण जाणे, गुहागरहून २०२३ मध्ये सॅटेलाइट टॅग (माग काढायचं यंत्र) लावून सोडलेली बागेश्री नावाची कासवाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली होती.

परत येताना त्या मुलाने एक गोष्ट सगळ्यांना सांगायला सांगितली. किनाऱ्यावर कासव पडलेलं दिसलं तर लोक चांगल्या मनाने ते पाण्यात ढकलतात, पण ते दमलेलं, आजारी असतं म्हणूनच बाहेर आलेलं असतं, परत ढकललं तर बुडून मरू शकतं. सावलीत ठेवा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन लावा.